शिणलेल्या पाहुण्याची चटई

सप्टेंबर १७७७ मध्ये कॅप्टन जेम्स कुकचा एक पाय कंबरेपासून पावलापर्यंत ठणकत होता. ‘रेझोल्यूशन’ हे त्याचं जहाज ताहिती बेटाच्या मातावाई उपसागरात नांगर टाकून उभं होतं. पृथ्वीला दोनदा वळसा घालून आलेल्या या दर्यावर्दीला सायटिकाच्या जातीच्या दुखण्याने जेरीला आणलं होतं. एका संध्याकाळी बेटाच्या मोठ्या सरदाराच्या घरच्या बारा बायका होडीतून जहाजावर आल्या. सरदाराचं नाव ‘तू’. मराठी कानाला ते गोंधळात टाकतं, पण त्याला इलाज नाही. बायकांमध्ये त्याची आई होती, तीन बहिणी होत्या आणि आणखी आठ जणी. आम्ही रात्री इथेच राहणार आणि तुझं दुखणं घालवणार, असं त्यांनी सांगितलं.

केबिनच्या जमिनीवर अंथरूण पडलं. कुक आडवा झाला. जितक्या जणी भोवती मावल्या तितक्यांनी दोन्ही हातांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत चेपायला सुरुवात केली आणि दुखऱ्या भागावर विशेष जोर लावला. हाडं कडाकडा वाजली, मांसाचा लगदा झाला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पाव तासाने सुटका झाली तेव्हा त्याला हायसं वाटलं. पण ठणका तेवढ्यात कमी झाला होता. झोपण्याआधी त्याने पुन्हा चेपून घेतलं, दुसऱ्या दिवशीही घेतलं, आणि दुखणं गेलं. या प्रकाराला तिथले लोक ‘रोमी’ म्हणतात, अशी नोंद त्याने केली.

मसाजवर कुणा युरोपीय प्रवाशाने लिहिलेल्या ‘अनुभवां’पैकी हा फार जुना. पैसे कुणी मागितले नाहीत. बायका आल्या त्या घरच्या माणसाला बरं करायला याव्यात तशा.

चार महिन्यांनी, जानेवारी १७७८ मध्ये, हाच कुक उत्तरेला जाताना हवाई बेटांना लागला. काउआई बेटाला पोहोचल्यावर तिथल्या माणसांची भाषा ताहितीच्या भाषेशी जुळते हे ऐकून तो थक्क झाला. मधे चार हजार किलोमीटरचा समुद्र, आणि भाषा ओळखीची! ताहितीच्या ‘र’चा हवाईत ‘ल’ होतो आणि ‘त’चा ‘क’. ताहितीचा ‘तारो’ म्हणजे आपला अळू, हवाईत तो ‘कालो’. ताहितीत प्रेमाला ‘आरोहा’, तर हवाईत ‘आलोहा’. त्याच हिशेबाने ‘रोमी’ची ‘लोमी’ झाली. लोमी म्हणजे दाबणं, चोळणं, मळणं. क्रिया पुन्हापुन्हा करायची तर शब्दही दोनदा म्हणायचा, म्हणून लोमीलोमी. मराठीत ‘रगडरगड’ म्हणतो तसं. न्यूझीलंडचे माओरी ‘रोमीरोमी’ म्हणतात. प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियाच्या त्रिकोणी प्रदेशात जिथे जिथे होड्या गेल्या तिथे तिथे हा शब्द गेला.

गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज वाचकाला लोमीलोमी म्हणजे काय हे समजावायची वेळ आली, तेव्हा लेखकांनी जो शब्द वापरला तो आपल्याकडचा होता. ते म्हणत, हे एक प्रकारचं ‘शॅम्पूइंग’ आहे. त्या काळी शाम्पूचा केसांच्या फेसाशी संबंध नव्हता. ‘चांपना’, ‘चंपी’ या हिंदुस्थानी शब्दांचं ते साहेबी रूप, आणि अर्थ अंग चेपणं. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी १८१४ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटन शहरात वाफेचं स्नान आणि चंपीची जागा सुरू केली. पुढे ते चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ‘शॅम्पूइंग सर्जन’ झाले. म्हणजे प्रशांत महासागरातली एक रीत लंडनच्या वाचकाला कळली ती गंगेकाठच्या शब्दातून. शब्दाचा पुढे केसांच्या बाटलीत अंत झाला, ही वेगळी कथा.

जुन्या हवाईत लोमीलोमी कोण करत असे? उत्तर सोपं आहे: सगळेच. नातवंडं आजोबांच्या पाठीवर पाय देत चालत. थकून आलेल्याचे पाय घरात जो रिकामा असेल तो चेपी. तान्ह्या बाळाचे हातपाय, डोकं, नाक हलक्या हाताने दाबून घडवलं जाई. आपल्याकडे बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई नाकाला चिमटीत धरून ओढते, तिला हे सांगितलं तर ती म्हणेल, मग त्यात नवल ते काय. चटई असे ‘लाउहाला’ची, म्हणजे केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांची विणलेली. टेबल नव्हतं, पडदे नव्हते, संगीत नव्हतं.

घरगुती हाताच्या वर जाणकार हात होता. ‘काहुना’ म्हणजे एखाद्या विद्येतला पारंगत माणूस. होडी कोरणारा काहुना असे, तसा रोग ओळखणाराही. त्यातला ‘हाहा’ म्हणजे चाचपून निदान करणारा वैद्य बोटांनी रोग्याच्या अंगात काय बिघडलंय ते शोधे. सॅम्युएल कामाकाऊ या एकोणिसाव्या शतकातल्या हवाईयन इतिहासकाराने या शिक्षणाचं वर्णन केलं आहे: चटईवर खडे मांडून माणसाचा आकार करायचा आणि शिष्याने त्या खड्यांवर बोटं फिरवत कुठल्या जागी कुठला रोग हे पाठ करायचं. शरीरशास्त्राचं पुस्तक दगडांचं होतं. ‘लुआ’ नावाच्या हाडं मोडण्याच्या युद्धकलेचे उस्ताद हाडं बसवण्यातही तरबेज असत. ज्याला सांधा कुठून निखळतो ते ठाऊक, त्याला तो कुठून बसवायचा हेही ठाऊक. आपल्या तालमीतल्या वस्तादांची आठवण व्हावी असंच हे.

उपचाराआधी प्रार्थना असे, ‘पुले’. बऱ्याचदा घरातल्या भांडणाचा निवाडाही आधी व्हायचा. ‘होओपोनोपोनो’ म्हणजे घरच्यांनी एकत्र बसून मनातली अढी काढायची आणि मगच दुखऱ्या अंगाला हात लावायचा. औषधी म्हणाल तर त्यातली निम्मी मराठी परसातली वाटतील. पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून आपल्याबरोबर आणलेल्या झाडांत अळू होता, ऊस होता, नारळ आणि केळी होती, आणि हळदही. हळदीला ते ‘ओलेना’ म्हणतात आणि समुद्राच्या पाण्यात कालवून शुद्धीसाठी शिंपडत. ‘नोनी’ म्हणजे आपली बारतोंडी. तेल काढायचं ते ‘कुकुई’च्या बियांचं, आपल्याकडे या झाडाला जंगली अक्रोड म्हणतात. त्याच बिया काडीला ओवून दिव्यासारख्या जाळत. १९५९ पासून कुकुई हा हवाईचा राज्यवृक्ष आहे.

आणि सरदार! हवाईचे सरदार घराण्यातले स्त्री-पुरुष देहाने अवाढव्य असत, कारण भव्य देह हे मोठेपणाचंच लक्षण मानलं जाई. त्यांच्या लवाजम्यात लोमीलोमी करणारी खास माणसं असत. भरपेट जेवण झालं की पोट आणि अंग चेपून घ्यायचं, अन्न जिरवायचं, पुन्हा जेवायला मोकळं. पाचवा कामेहामेहा हा राजा १८७२ च्या डिसेंबरात आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवशीच वारला. जाडीमुळे त्याला चालणं-फिरणं जड झालं होतं आणि तो प्रत्येक जेवणानंतर लोमीलोमी करून घेई, असं एका प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. व्यायाम दुसऱ्याने करायचा आणि फायदा आपल्याला, ही सोय राजेशाहीलाच सुचावी.

तो प्रवासी म्हणजे चार्ल्स नॉर्डहॉफ, न्यूयॉर्कचा पत्रकार. (पुढे ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडाची प्रसिद्ध कादंबरी लिहिणाऱ्या दोघांपैकी एक नॉर्डहॉफ हा त्याचा नातू, नावही तेच.) त्याचं हवाईवरचं पुस्तक १८७४ मध्ये आलं. त्याआधीच्या वर्षी इझाबेला बर्ड ही इंग्रज बाई तिथे होती. तिचं पुस्तक १८७५ चं. दोघंही घोड्यावरून फिरत होते. रस्ते म्हणजे लाव्हाच्या खडकांतल्या पायवाटा, दऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या. संध्याकाळी कुठल्या तरी झोपडीशी उतरलं की मांड्या, कंबर, खांदे हे सगळं परक्याचं वाटू लागे.

मग घरातली बाई किंवा बाप्या पुढे येई. नॉर्डहॉफच्या वर्णनावरून हे चित्र असं दिसतं: पाहुण्याने कपडे सैल करून चटईवर पडायचं. डोक्यापासून सुरुवात. हलकी नव्हे, पण दुखणारही नाही अशा पकडीत एकेक स्नायू धरायचा, पिळायचा, मळायचा, आणि न कंटाळता खाली सरकत जायचं. अर्ध्या तासात शिणून मोडलेला माणूस ताजा होऊन उठे. तेलाचा फारसा उल्लेख नाही. वेळ मोजणारं घड्याळ नाही. ज्या घरी उतराल त्या घरी हे मिळणार, असं तो प्रवाशांना आश्वासनच देतो. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाय धुवायला तांब्याभर पाणी देतात, त्याच पंगतीत बसणारा हा पाहुणचार.

या दोन पुस्तकांची तारीख मात्र लक्षात ठेवायला हवी. नॉर्डहॉफ आणि बर्ड पोहोचले तेव्हा ही संस्कृती मोडकळीला आली होती. कुक आला त्या वेळच्या हवाईच्या लोकसंख्येचे अंदाज तीन लाखांपासून सात-आठ लाखांपर्यंत जातात. १८७२ च्या शिरगणतीत परदेशी धरूनही सत्तावन्न हजारांच्या आतच माणसं भरली. गोवर, देवी, गुप्तरोग जहाजांतून उतरले आणि गावंच्या गावं ओस पडली. माणूस गेला की त्याच्या बोटांतली विद्याही गेली. ती कागदावर नव्हतीच. १८२० मध्ये बोस्टनहून आलेल्या मिशनऱ्यांना काहुना म्हणजे जादूटोणा वाटला. जुनी देवळं त्याआधीच, १८१९ मध्ये, खुद्द राजघराण्याने मोडीत काढली होती. १८३० मध्ये हुला नाचावर जाहीर बंदी आली. लोमीलोमी मात्र नाचासारखी चव्हाट्यावर नसल्याने घराच्या आत टिकली. चेपण्याला देव लागत नाही. त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या आजीने येशूचं नाव घेऊन तेच हात चालवले.

राजसत्तेचं धोरण दुहेरी होतं. १८६८ मध्ये देशी वैद्यांना परवाना देण्याचा कायदा झाला. म्हणजे विद्या मान्य, पण सरकारी कागदावर. पुढे राजा झालेला कालाकाउआ हा जुन्या गोष्टींचा शौकीन. त्याने हुला परत दरबारात आणला, आणि त्याच्याच राज्यात १८८६ मध्ये देशी वैद्यांचे परवाने बघायला हवाईयनांचं वेगळं मंडळ नेमलं गेलं. या राजाचा मुंबईशी एक धागा आहे. १८८१ मध्ये तो जगप्रवासाला निघाला. राज्यावर असताना पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला राजा. जपान, चीन, सयाम करत तो कलकत्त्याला उतरला, तिथून आगगाडीने मुंबईला आला आणि मुंबईहून बोटीने इजिप्तकडे गेला. एवढ्या आगगाडीच्या धक्क्यांनंतर त्याला कुणा चंपीवाल्याचा हात लागला का, हे विचारावंसं फार वाटतं.

१८९३ मध्ये त्याच्या बहिणीचं, राणी लिलिउओकालानीचं राज्य उलथवलं गेलं. १८९६ मध्ये शाळांत इंग्रजी सक्तीचं माध्यम झालं. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेला जोडली गेली. पोरांना हवाईयन बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागली, तेव्हा नातवाला ‘इथे दाब’ हे आजोबा कुठल्या भाषेत सांगणार? जी घरं शिकवत राहिली ती गुपचूप, आणि घरातल्याही एखाद्याच निवडलेल्या पोराला.

दरम्यान पाहुणे वाढले. १९०१ मध्ये वाइकीकीच्या किनाऱ्यावर मोआना हॉटेल उघडलं, १९२७ मध्ये गुलाबी रंगाचं रॉयल हवाईयन. आधी बोटीने येणारी श्रीमंत मंडळी होती. १९५९ मध्ये हवाई हे अमेरिकेचं राज्य झालं, त्याच वर्षी जेट विमानं सुरू झाली आणि मग लोंढा लागला. त्या वर्षी पर्यटक अडीच लाखांच्या आसपास होते, १९६७ मध्ये दहा लाखांवर गेले. पूर्वी घरात एक पाहुणा यायचा आणि अख्खं घर त्याची सेवा करायचं. आता हॉटेलात हजार पाहुणे, आणि सेवा करायला पगारी माणसं.

या वळणावर एक बाई उभी दिसते: मोर्ना सिमिओना, जन्म १९१३. आई काहुनांच्या परंपरेतली. मोर्नाबाईंनी होनोलुलूमध्ये काहाला हिल्टन आणि रॉयल हवाईयन या दोन बड्या हॉटेलांतली आरोग्यकेंद्रं सुमारे दहा वर्षं चालवली. त्यांच्या हाताखाली आडवे झालेल्यांत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन होते, जॅकी केनेडी होत्या, गोल्फपटू अर्नोल्ड पामर होते. राजाला जेवणानंतर चेपणारी परंपरा नव्या राजांकडे वळली, एवढंच म्हणायचं. पुढे १९७६ च्या सुमारास त्यांनी होओपोनोपोनोलाही नवं रूप दिलं: घरच्यांनी एकत्र बसून करायची गोष्ट एकट्याने करायची झाली. त्यात कर्माची कल्पनाही शिरली, जी हवाईची नव्हे, आपल्या बाजूची. घर नसलेल्या शहरी माणसाला सोयीची अशी ही दुरुस्ती होती. शहरातल्या स्पाचा पाया इथेच पडला म्हटलं तरी चालेल.

दुसरी बाई समुद्रकाठची. मार्गारेट माचाडो, १९१६ ते २००९. हवाईत वयाने मोठ्या बाईला ‘आंटी’ म्हणायची रीत आहे, आपल्या मावशी-काकूसारखीच. त्यामुळे ही बाई सगळ्यांची आंटी मार्गारेट. लहानपणी आजोबांनी तिला निवडून विद्या दिली. हवाई या सर्वांत मोठ्या बेटाच्या कोना भागात, केआलाकेकुआ उपसागराजवळ, तिने १९७० च्या दशकात एक अशी गोष्ट केली जी घराण्याच्या रिवाजात बसणारी नव्हती: बाहेरच्यांना वर्ग भरवून शिकवायला सुरुवात केली. गोरे, मुख्य अमेरिकेतून आलेले, हवाईयन रक्ताचा थेंब नसलेले लोक. काहींना ते रुचलं नाही. तिचा हिशेब वेगळा होता. घरातले शिकायला येत नसतील तर विद्या घेऊन मरायचं का?

तिच्याकडे शिकायचं म्हणजे केवळ हात फिरवणं नव्हतं. समुद्राचं पाणी पिऊन पोट साफ करायचं, वाफ घ्यायची, प्रार्थना करायची आणि मग हाताला काम. लोमीलोमी ही प्रार्थनेसारखीच गोष्ट आहे, असं ती मानी. कुक मारला गेला तो हाच केआलाकेकुआ उपसागर, १४ फेब्रुवारी १७७९. दोनशे वर्षांनी त्याच किनाऱ्यावर गोऱ्या माणसांच्या रांगा लागत होत्या, चेपायला शिकण्यासाठी.

त्याच दशकात काउआई बेटावर तिसरा माणूस, अब्राहम कावाईई (१९३४–२००४). मुंबईच्या स्पामध्ये आज ‘लोमी लोमी’ मागितली तर जे मिळतं, त्याच्या मागे बहुतेक वेळा याचा हात असतो. माणूस टेबलावर, अंगावर भरपूर तेल. मसाज करणाऱ्याचा कोपर ते मनगट हा भाग तळपायापासून खांद्यापर्यंत एका लांब ओढीत सरकतो, परत येतो, पोटाखालून पाठीकडे जातो. करणारा टेबलाभोवती तालात पावलं टाकतो. कधी दोघे मिळून चार हात चालवतात. कावाईई या पद्धतीला ‘काहुना बॉडीवर्क’ म्हणत. शिष्यांनी ती ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिकेत नेली आणि वाटेत तिला ‘मंदिरातली लोमीलोमी’ असं नाव चिकटलं. जुन्या देवळांत, ‘हेइआउ’त, राजांसाठी ही दीक्षा म्हणून दिली जायची, अशी कहाणी माहितीपत्रकांतून फिरू लागली.

इथे इतिहासाने जरा खाकरायला हवं. आरोग्याची देवळं हवाईत होती. ओआहू बेटावरच्या आइएआ डोंगरावर केआइवा हेइआउचे दगड आजही बघता येतात. पण चटईवरून टेबलावर आलेली, कोपराच्या लांब ओढीची आणि तेलाने न्हालेली पद्धत जुन्या लिखाणात दिसत नाही. हवाईयन भाषेत १८३४ ते १९४८ पर्यंत वर्तमानपत्रं निघत होती, त्यांची लाखभर पानं उरली आहेत. मकाना रिसर चाई यांनी अशा जुन्या नोंदी गोळा करून २००५ मध्ये बिशप म्युझियमतर्फे लोमीलोमीवर पुस्तक काढलं. त्यातून पुढे येणारं चित्र घराचं, वैद्याचं आणि पाहुण्याचं आहे. ‘मंदिर’ ही विसाव्या शतकाची भर दिसते. ‘हुना’ नावाचं गूढ तत्त्वज्ञानही असंच. १९१७ मध्ये शिक्षक म्हणून हवाईत आलेल्या मॅक्स फ्रीडम लाँग या अमेरिकनाने ते पुस्तकांतून उभारलं. हुना या शब्दाचा अर्थ ‘लपलेलं’ एवढाच. या नावाचा कुठला पंथ जुन्या हवाईत नव्हता. पण लोकांना ‘आजी चेपायची’ यापेक्षा ‘पुरोहित दीक्षा द्यायचे’ हे ऐकायला बरं वाटतं, आणि माहितीपत्रकाला तेच शोभतं. यात कावाईई यांच्या हाताची किंमत कमी होत नाही. नवी गोष्ट चांगली असू शकते. तिला हजार वर्षांचा दाखला कशाला?

खऱ्या जुन्यांची अडचण कायद्याने केली. १९४० च्या दशकापासून हवाईत मसाजसाठी परवाना लागू लागला. परीक्षा लेखी, शरीररचनेचे लॅटिन शब्द, पाश्चात्त्य मसाजचं तंत्र. आयुष्यभर गावाची हाडं बसवलेल्या म्हाताऱ्याने इंग्रजी पेपर लिहायचा. ज्यांना जमलं त्यांनी लिहिला, बाकीचे बिनपरवान्याचे राहिले आणि पैसे न घेता नात्यागोत्यात काम करत राहिले. चित्र पालटायला १९७० च्या दशकातलं पुनरुज्जीवन यावं लागलं. १९७६ मध्ये होकुलेआ ही जुन्या धर्तीची जोडहोडी नकाशा-होकायंत्राशिवाय ताहितीला जाऊन पोहोचली, म्हणजे लोमीचा शब्द ज्या वाटेने आला त्याच वाटेने उलट. १९७८ मध्ये हवाईयन भाषा राज्यभाषा झाली. १९९८ आणि २००१ च्या कायद्यांनी पारंपरिक वैद्यांना परवान्याच्या परीक्षेतून मोकळं केलं. कोण खरा जाणकार हे ठरवायला जाणत्या वडीलधाऱ्यांची मंडळं, ‘कुपुना’ मंडळं, आली. म्हणजे प्रमाणपत्र देणारा अधिकारी पुन्हा आजी-आजोबाच.

जगातल्या शहरांपर्यंत हा गाडा पोहोचला तो वेगवेगळ्या वाटांनी. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या वेलनेस हॉटेलांत ‘लोमी लोमी नुई’ असतं. ‘नुई’ म्हणजे मोठं. जपानचा संबंध आणखी जवळचा, कारण १८६८ पासून जपानी मजूर उसाच्या मळ्यांत हवाईला जात होते आणि आज हुला शिकणाऱ्या जपान्यांची संख्या अवाक करणारी आहे. तोक्योच्या गल्ल्यांत लोमीलोमीची छोटी दुकानं आहेत. १९४७ च्या कायद्यानुसार जपानमध्ये ‘मसाज’ करायला सरकारी परवाना लागतो, म्हणून ही दुकानं मसाज हा शब्द टाळतात आणि ‘रिलॅक्सेशन’ देतात. मुंबई-पुण्यात, गोव्याच्या किनाऱ्यावर स्वीडिश, थाई, बाली यांच्या खाली एका ओळीत ‘हवाईयन लोमी लोमी’ लिहिलेलं सापडतं. त्या टेबलाशी उभी असलेली मुलगी बऱ्याचदा मिझोराम, मणिपूर किंवा नागालँडची असते. तिच्या हातचं तेल खोबऱ्याचं. तिलाही घर दूर आणि गिऱ्हाइकालाही, दोघंही प्रवासात.

हवाईत लोमी या शब्दाचा अजून एक वापर रोजच्या जेवणात दिसतो: लोमी सामन. खारवलेला सामन मासा, टोमॅटो आणि कांदा एकत्र हाताने कुस्करतात, आपण कांदा-मीठ चुरडतो तसं. सामन हवाईच्या समुद्रात नाही. तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून पिंपांत भरून यायचा. टोमॅटोही परकाच. पण हात हवाईचा, म्हणून पदार्थ हवाईचा. शहरी स्पामधल्या मसाजबद्दल इतकी उदारता जुने लोक दाखवत नाहीत.

एक वस्तू मात्र वादात कुठेच येत नाही. तिचं नाव ‘लाआउ लोमी’, म्हणजे लोमीची काठी. झाडाची अशी फांदी निवडायची जिला मूळचाच आकड्यासारखा बाक आहे. साल काढून गुळगुळीत करायची. आजकाल ती बहुधा पेरूच्या लाकडाची करतात, आणि पेरूही बाहेरूनच आलेला. बाक खांद्यावरून मागे टाकायचा, टोक पाठीतल्या गाठीवर टेकवायचं आणि दोन्ही हातांनी खाली ओढायचं. घरात नातवंडं नसतील, शेजारीण कामाला गेली असेल, तेव्हा ही काठी. कोनाच्या बाजारात ती अजून विकायला असते.